मुलांचा हट्ट आणि घरात येणारा नवा जीव

वार्षिक परीक्षा संपल्या, की वैजापूरच्या घराघरांत एक जुनाच हट्ट नव्या जोमाने सुरू होतो. कोणाला कुत्र्याचे पिल्लू हवे असते, कोणाला ससा, तर कोणाला मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेली पांढरीशुभ्र, केसाळ मांजर. ‘त्याचे सगळे मी करीन’ असे वचन दिले जाते. आई ‘घाण कोण काढणार?’ असे विचारते, वडील ‘निकाल लागू दे, मग पाहू’ म्हणून वेळ मारून नेतात, आणि अखेर एका रविवारी छत्रपती संभाजीनगरहून किंवा नाशिकहून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून एक पिल्लू घरी येते. मे महिना आनंदात सरतो. जूनमध्ये शाळा उघडते, दप्तर भरते, शिकवणीच्या वेळा ठरतात आणि पिल्लाच्या गळ्यातली साखळी हळूहळू आईच्या हातात येते. पुढे ती जिन्याखालच्या खांबाला बांधली जाते. काही घरांत तर एक दिवस ती साखळी नुसतीच लोंबकळत राहते.

यात मुलाचा दोष फारसा नसतो. कुत्रा साधारणपणे १० ते १३ वर्षे जगतो. घरात नीट सांभाळलेली मांजर १५ वर्षेही गाठते. तिसरीतल्या मुलासाठी आणलेला कुत्रा म्हातारा होतो, तेव्हा ते मूल बारावी होऊन संभाजीनगर, पुणे किंवा लातूरच्या वसतिगृहात पोचलेले असते. प्राणी मुलासाठी आणला, तरी तो अखेरपर्यंत पाळायचा असतो मोठ्यांनीच. मुलाला जबाबदारी कळावी म्हणून प्राणी आणावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु जबाबदारी शिकण्याच्या प्रयोगासाठी एका जिवंत जिवाला वेठीस धरणे फारसे न्याय्य नाही. मूल पाण्याचे भांडे भरील, केस विंचरील, संध्याकाळी सोबत फिरायला जाईल. लसीची तारीख लक्षात ठेवणे, ओकारी-जुलाब झाले तर रात्री डॉक्टर शोधणे आणि सुटीत गावाला जाताना प्राण्याची सोय लावणे ही कामे मात्र त्याच्या वयाची नाहीत.

म्हणूनच प्राणी निवडताना मुलाच्या आवडीआधी घराकडे पाहावे लागते. दुपारी घरी कोण असते, घराचे छप्पर स्लॅबचे आहे की पत्र्याचे, नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि प्राण्यांचा डॉक्टर किती अंतरावर आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते.

वैजापूरपुरते बोलायचे तर पहिला प्रश्न उन्हाचा आहे. तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यातला. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा हवेत सैबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांसारखी बर्फाळ प्रदेशातली कुत्री आणणे म्हणजे त्यांना वर्षातले चार महिने शिक्षाच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि शरीरातली उष्णता मुख्यत्वे श्वासावाटे बाहेर टाकतो. ज्यांचे नाकच चपटे, त्यांना हेही नीट जमत नाही. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे धावणारा पग देशभर गाजला आणि शहरोशहरी त्या जातीची मागणी वाढली. जाहिरातीतला पग गोंडस होता यात शंका नाही; पण आखूड नाकपुड्यांचा हा कुत्रा मराठवाड्याच्या उन्हात थोडे धावला तरी घुसमटू शकतो, हे जाहिरात कशाला सांगेल? पर्शियन मांजरीचेही तेच. तिचे लांब केस रोज विंचरावे लागतात, नाही तर त्यांच्या गुठळ्या होऊन खाली कातडी सडते.

लॅब्रॅडॉर मुलांशी प्रेमळ वागतो, हे खरे. मात्र त्याला भरपूर व्यायाम लागतो आणि तो खादाड असल्याने बांधून ठेवला की बेसुमार सुटतो. जर्मन शेफर्डलाही शिस्तीत वाढविणारा अनुभवी माणूस घरात हवा. त्या मानाने आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात, तो इंडियन स्पिट्झ इथल्या हवेला बराच सरावलेला आहे. ‘हम आपके हैं कौन’ या १९९४ च्या चित्रपटातला ‘टफी’ याच कुळातला. तो आकाराने लहान, हुशार आणि थोडक्यात भागणारा असतो. फक्त भुंकतो फार आणि अगदी लहान मुलांची ओढाताण त्याला खपत नाही. लातूर परिसरातील कारवान ही मराठवाड्याची स्वतःची जात. सडपातळ, काटक, उन्हाला दाद न देणारी. पण ती शिकारीची कुत्री आहेत. रोज मोकळ्या रानात धावायला मिळाले नाही तर ती बेचैन होतात आणि शेजारच्या कोंबड्या-मांजरी पाहिल्या की त्यांना आवरणे कठीण जाते. शेतवस्तीवर राहणाऱ्यांसाठी ती उत्तम. दोन खोल्यांच्या घरात मुळीच नाही.

राहिला आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा. त्याची किंमत काही नसते म्हणून त्याला कोणी मोजत नाही. वास्तविक या हवेला, इथल्या अन्नाला आणि इथल्या गोंगाटाला त्याच्याइतका जुळलेला दुसरा प्राणी नाही. पिढ्यानपिढ्या निसर्गानेच निवड केल्यामुळे जातिवंत कुत्र्यांत आढळणारे आनुवंशिक आजार त्याच्यात कमी दिसतात. जेवणानंतर चतकोर भाकरी दाराबाहेर ठेवण्याची रीत मराठवाड्यात अजून आहे. खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच आणि दत्ताच्या पायांशी तर चार. तरीही गल्लीतले पिल्लू उंबऱ्याच्या आत घेण्याचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. आठ आठवडे आईजवळ राहिलेले, माणसांच्या वावराला सरावलेले आणि हाक मारताच शेपटी हलवीत पुढे येणारे गावठी पिल्लू ही वैजापूरसारख्या गावातल्या बहुतेक घरांसाठी सर्वांत शहाणपणाची निवड ठरते. आठ आठवड्यांची अट महत्त्वाची आहे. भावंडांशी खेळताना ‘जोराने चावले की खेळ थांबतो’ हा धडा पिल्लू याच काळात गिरवते. महिन्याचेही न झालेले पिल्लू उचलून आणले, तर तो धडा मुलांच्या बोटांवर गिरविला जातो. विक्रीबाबत २०१७ आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. तरीही दुकानांतून डोळे नुकते उघडलेली पिल्ले मिळतातच.

दुसरा प्रश्न डॉक्टरांचा. वैजापूरला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पथकाचीही सेवा मिळू शकते. मात्र या यंत्रणेचा जन्मच गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्यासाठी झाला आहे. मराठवाड्यातली परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयेही इथून हाकेच्या अंतरावर नाहीत. कुत्र्या-मांजरांना लस टोचणे, जंताचे औषध देणे, जखम शिवणे ही कामे तालुक्याला होतात. पिल्लाला सलाइनवर ठेवायची वेळ आली, मोडलेल्या पायाचा एक्स-रे काढायचा झाला किंवा शस्त्रक्रिया करायची झाली, की सुमारे पाऊणशे किलोमीटरवरचे संभाजीनगर गाठावे लागते. पार्व्हो या विषाणूच्या आजारात पिल्लू दोन दिवसांत हातचे जाते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठराविक अंतराने दिलेल्या लसी हाच त्यावरचा खरा उपाय. ससा, पक्षी किंवा गिनीपिग यांच्या आजारांचा जाणकार तर मोठ्या शहरातही शोधावा लागतो. प्राणी विकत घेताना होणारा खर्च एकदाच होतो. पुढचा खर्च दर महिन्याचा असतो आणि तो आधी मांडून पाहणारी घरे थोडी असतात.

लहान मुलांच्या घरात कुत्रा येणार असेल, तर त्याच्या जातीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट म्हणजे रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, आणि संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण १५ वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांच्या मुळाशी कुत्रा असतो. भारतातील मृत्यूंचा आकडा पूर्वी वर्षाला २० हजारांच्या घरात धरला जाई. अलीकडच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज ५,७०० च्या आसपास आहे. घट झाली हे समाधानाचे. तथापि यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता, हे विसरून चालणार नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळपास शंभर टक्के प्राणघातक आहे. लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले, तर तो टळतो.

मुलांच्या बाबतीत घात होतो तो वेगळ्याच कारणाने. कुत्र्याने ओरखडले, दात लागला, हे मूल घरी सांगतच नाही. ‘तरी सांगत होते, त्याच्या वाटेला जाऊ नकोस’ हे ऐकावे लागेल, मार बसेल, इंजेक्शने टोचतील, किंवा लाडक्या पिल्लाला घरातून काढून टाकतील, या भीतीने ते शर्टाची बाही खाली ओढून गप्प बसते. रेबीजची लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात. कधी आठवड्यात, तर कधी वर्षानेही. तोवर तो ओरखडा घरातल्या कोणाच्याच लक्षात राहिलेला नसतो. म्हणून प्राणी घरात आणण्यापूर्वीच मुलाला एक गोष्ट निक्षून सांगायला हवी : दात लागला, नख लागले, जखमेवर जीभ फिरली, तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. आणि मुलाने सांगितल्यावर खरोखरच रागावू नये. एकदा ओरडा बसला, की दुसऱ्या वेळी ते सांगणार नाही.

जखम झाल्यास पहिले औषध घरातच असते. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पाहिल्यास ही १५ मिनिटे किती लांब असतात ते कळते. बहुतेक जण मिनिटभरात आटोपते घेतात. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही जखमेत भरू नये. त्यानंतर थेट सरकारी रुग्णालय गाठावे. वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी ही लस मोफत दिली जाते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजूनही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात डोकावते. ती जुनी लस देशातून सुमारे वीस वर्षांपूर्वीच हद्दपार झाली. आता दंडात लस दिली जाते. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा असतात. दात खोल गेला असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते दिले का, हे पालकांनी स्वतःहून विचारावे. मूल उंचीने लहान असल्याने चावा पुष्कळदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो, आणि जखम मेंदूच्या जितकी जवळ तितका वेळ कमी.

घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पूरक मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, हा क्रम कधीही चुकवू नये. मांजरीलाही हाच नियम लागू आहे. मांजरीपासून रेबीज होत नाही, हा निव्वळ गैरसमज. पिल्लाच्या पोटातले गोल जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात. तेव्हा दोघांच्या जंताच्या औषधाकडे लक्ष हवे आणि हात धुतल्याशिवाय ताटावर बसू न देण्याची जुनी शिस्तही हवी.

कुत्रा कारण नसताना चावला, असे चावल्यावर सर्वच जण म्हणतात. खरे तर त्याने आधी बरेच काही सांगितलेले असते. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरका पाहतो, आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नाही तर गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणे ही मोठी चूक. पुढच्या वेळी तो गुरगुरत नाही, सरळ दात लावतो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला ही भाषा वाचता येत नाही. ते कुत्र्याच्या गळ्यात हात टाकते, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेते आणि घरातली मंडळी कौतुकाने छायाचित्र काढतात. त्या छायाचित्रातल्या कुत्र्याचे डोळे जरा निरखून पाहावेत. एवढ्या लहान मुलाला कुत्र्याजवळ, मग तो कितीही गरीब असो, एकटे सोडू नये. खाताना, झोपेत आणि पिल्लांजवळ असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, हा नियम मोठ्या मुलांनाही हवा. रस्त्यावरचा कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही. हात छातीशी घेऊन, नजर खाली ठेवून झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे. हे मुलांकडून दोन-तीनदा करवून घेतले की त्यांना तो खेळच वाटतो आणि चांगला लक्षात राहतो.

आक्रमक जातींचा प्रश्न मध्यंतरी बराच गाजला. पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जाती बाळगण्यावर व त्यांच्या पैदाशीवर बंदी घालावी, असे परिपत्रक केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरविले. कायद्याचा कीस काहीही निघो, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, मुले असलेल्या घराने या वाटेला जाण्याचे कारण दिसत नाही.

शेताला लागून घर असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कुत्रा राखणीला म्हणून रात्री अंगणात बांधला जातो. उसाच्या पट्ट्यात बांधलेला कुत्रा बिबट्याला आयतेच भक्ष्य ठरतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला होता. मुले ज्या अंगणात खेळतात तेथे बिबट्याला वाट दाखवायची नसेल, तर रात्री कुत्रा आत घ्यावा किंवा बंद जाळीच्या खोपटात ठेवावा.

मांजर कुत्र्यापेक्षा कमी वेळ मागते. तिला फिरवावे लागत नाही, मातीच्या पेटीत शी-शू करायला ती दोन दिवसांत शिकते, आणि आईवडील दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात ती दिवसभर सुखाने झोपते. मात्र शुद्ध शाकाहारी घराने मांजर आणण्यापूर्वी दोनदा विचार करावा. कुत्रा मिश्राहारी आहे. विचारपूर्वक आखलेल्या शाकाहारावरही त्याला राखता येते. मांजरीच्या शरीराला लागणारी काही द्रव्ये केवळ मांसातून मिळतात. दूध-पोळीवर तिची नजर आणि हृदय दोन्ही अधू होऊ शकतात. शिवाय मांजर पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्ले होतात. शस्त्रक्रिया वेळेवर केली नाही, तर एका वर्षात घरोघर पिल्ले वाटत फिरण्याची वेळ येते. घरात कोणी गरोदर असेल तर मांजरीची पेटी तिने साफ करू नये.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर वैजापूरच्या संदर्भात एक सांगायलाच हवे. कांदा हे या तालुक्याचे पीक, आणि कांदा-लसणाची फोडणी पडली नाही अशी भाजी इथल्या स्वयंपाकघरात विरळाच. हाच कांदा कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही. उरलेल्या रश्श्यात कालवलेली भाकरी प्रेमाने घातली जाते आणि जनावर अशक्त का झाले ते कळत नाही. फोडणीआधी बाजूला काढलेली डाळ, भात, भाकरी, उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे मांस चालते. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट वर्ज्य. मुलांच्या खिशात तेच असते, म्हणून मुलांनाच आधी सांगावे.

ससा हा मुलांचा लाडका आणि मुलांच्या हातून सर्वाधिक दुखावला जाणारा प्राणी. तो मऊ दिसतो, पण त्याचा पाठीचा कणा नाजूक असतो. वेडावाकडा उचलला आणि त्याने मागच्या पायांनी जोराचा हिसडा दिला तर कणा मोडून तो कायमचा लुळा पडू शकतो. उचलून कुशीत घेतलेले त्याला आवडतही नाही. उन्हाचे तर त्याला वावडेच. पत्र्याच्या खोलीत ससा ठेवूच नये. भोवती ओले गोणपाट लावून भागेल अशा समजुतीत राहू नये. ज्यांना थंड खोली, चरायला गवत आणि जमिनीवर शेजारी शांत बसून राहण्याची तयारी असलेली दहा-बारा वर्षांची मुले आहेत, त्यांनीच ससा पाळावा. तो आठ-दहा वर्षे जगतो, हेही दुकानदार सांगत नाही.

पोपटाचा प्रश्न आणखी वेगळा. आजोळी पिंजऱ्यात मिठू मिठू करणारा पोपट अनेकांच्या आठवणीत असेल. परंतु आपला हिरवा पोपट, मुनिया आणि अंगावर चांदण्या असलेले स्टार कासव हे वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेने त्यांचे संरक्षण अधिकच कडक केले. वास्तूला लाभते म्हणून कासव आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे छोटे रंगीत पक्षी बहुधा ऑस्ट्रेलियातले बजरीगार असतात आणि ते पाळता येतात. ते बाजरी-राळ्यावर राहतात, जोडीने ठेवावे लागतात आणि त्यांना कुरवाळायचे नसते, पाहायचे असते. पिंजरा आडवा, उडता येईल इतका लांब हवा.

सर्वांत लहान मुलांच्या घरासाठी मासे बरे, असे म्हटले जाते आणि ते चूक नाही. फक्त काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश ही कल्पना सोडून द्यावी. तो मासा मोठा होतो, खूप घाण करतो आणि त्या भांड्यात काही आठवड्यांतच गुदमरतो. पाणी जपून वापरणाऱ्या आणि वीज जाणाऱ्या गावाला दुसरे मासे आहेत. फायटर म्हणून ओळखला जाणारा बेटा आणि गुरामी हे पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. पंप बंद पडला तरी त्यांचे अडत नाही. मात्र दोन नर फायटर एकत्र ठेवू नयेत, नाव उगाच पडलेले नाही. याहून सोपे म्हणजे गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप-डेंग्यू प्रतिबंधासाठी आरोग्य विभाग हेच मासे पाण्याच्या साठ्यांत सोडतो. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात, आणि सकाळी उठून टाकीत दहा इवले ठिपके पोहताना दिसले की मुलांना शाळेची घाई उरत नाही. नळाचे पाणी टाकीत घालण्याआधी चोवीस तास उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले की पुरते, आणि काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम. मासे जास्त झाले म्हणून नारंगीच्या पात्रात सोडून देऊ नयेत. बाहेरून आलेली ही जात स्थानिक माशांच्या मुळावर येते.

वैजापुरात अनेकांचे घर गावात आणि शेती वस्तीवर, असे असते. त्या घरांतल्या मुलांचा खरा सवंगडी बहुतेक वेळा शेळीचे करडू. ते उड्या मारते, मागे मागे फिरते, हाताला चाटते, आणि मुलाने त्याचे नाव ठेवले की ते घरचे होते. करडू पुढे बाजारात जाणार असेल, तर हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे. शाळेतून परत आल्यावर रिकामा खुंटा दिसणे आणि ‘कुठे गेले?’ या प्रश्नाला कोणीच उत्तर न देणे, हे मूल बरीच वर्षे विसरत नाही. मेलेल्या माशाच्या जागी गुपचूप दुसरा मासा सोडणेही त्याच प्रकारचे. मुलांना तो लगेच ओळखू येतो.

आणि नकोसा झालेला प्राणी? पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यातला दंड १० ते ५० रुपये इतकाच. तेवढ्यात आज चार वडापाव यायचे नाहीत. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल, ही आशा व्यर्थ. घरात वाढलेला कुत्रा महामार्गावर सोडला, तर त्याला वाहने चुकविता येत नाहीत आणि गल्लीतल्या कुत्र्यांत त्याला जागा मिळत नाही. निर्णयाबद्दल मनात शंका असेल, तर आधी नात्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्याचा कुत्रा आठ दिवस घरी सांभाळून पाहावा. पहाटे साडेपाचला त्याला बाहेर कोण नेतो, सोफ्यावरचे केस कोण झाडतो आणि मुलाला शिंका-दम्याचा त्रास होतो का, ही तिन्ही उत्तरे त्या आठ दिवसांत मिळतात.

पिल्लू आणायचेच ठरले, तर ते भर मे महिन्यात आणि दिवाळीच्या तोंडावर आणू नये. पावसाळा संपताना किंवा थंडी सुरू झाल्यावर ते बरे रुळते. पहिल्या दोन-तीन रात्री ते कण्हते, कारण उबेला भावंडे नसतात. मुलांच्या अंथरुणापासून थोड्या अंतरावर जुन्या लुगड्याची घडी घालून त्याला जागा करून द्यावी. गल्लीतल्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी दर्शनाला बोलावू नये. पिल्लू हातोहाती फिरले की घाबरते. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला इतर कुत्र्यांत मिसळू देऊ नये. उन्हाळ्यात त्याचे फिरणे सकाळी आठच्या आत आणि दिवस मावळल्यावर असावे, कारण तापलेल्या डांबरावर त्याचे तळवे पोळतात. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून कुत्री मैलोन्‌मैल पळत जातात, म्हणून गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक पक्क्या शाईने लिहून ठेवावा. हे काम मात्र मुलाकडेच द्यावे. अक्षर चांगले काढायला सांगावे.